नेसूचं पाणी ओसरलं नव्हतं

आमच्या घरात युरोपातल्या संतांची परीक्षा व्हायची आणि परीक्षक असायचा माझा आबा. आबा गाडीवान होता. खांडबाऱ्याच्या स्टेशनावर उतरलेला माल बैलगाडीत भरून गावोगाव पोचवायचा हा त्याचा धंदा, आणि मिशनची सगळी ने-आणही त्याच्याकडेच. लिहिता-वाचता त्याला काडीचंही येत नव्हतं. दर शनिवारी दुपारी मी मिशनच्या बोर्डिंगातून घरी येई तेव्हा तो दारातल्या निंबाखाली बैलांच्या माना चोळत बसलेला असे. आत माय ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत असे. त्या थापांचा आवाज, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज आणि मधूनच सुरतेकडे जाणाऱ्या गाडीची शिट्टी, एवढ्या गलबल्यात मी आठवडाभर वाचलेली चरित्रं आबाला सांगायची. कुठला राजा सोन्याचा मुकुट काढून अनवाणी चालला, कुठला साधू दोन डोंगर ओलांडून रोमला पोपच्या भेटीला गेला. आबा सगळं नीट ऐकून घेई, आणि शेवटी त्याचा ठरलेला प्रश्न येई, "चढ उना तवय तो खाले उतरना का?"

गाडीवानाच्या दृष्टीने माणसाची पारख तिथेच होते. चढ लागला की बैलांचा जीव वर येतो. त्या वेळी जो उतारू आपणहून खाली उतरून गाडीबरोबर चालतो तो माणूस, आणि जो वर बसून घाम पुसत राहतो तो गोणी. पुस्तकात हे कधीच दिलेलं नसे. मग आबा मान हलवून म्हणे, "मंग मी कसं सांगू तो संत शे का नही?" मी खूप चिडायची. रोमच्या पोपने ज्याला संत ठरवलं त्याला खांडबाऱ्याचा गाडीवान अडवून धरतो म्हणजे काय! माय आतून हसायची. "तुन्हा बापनी पास करेल एकच मानूस शे," ती म्हणायची.

तो एक माणूस म्हणजे फादर अँटन. स्वित्झर्लंडच्या डोंगरातून तरुणपणीच आमच्या भागात आलेले, लाल दाढीचे, आणि चढावर नुसतेच उतरायचे नाहीत तर मागून गाडीला खांदा लावायचे. खापरच्या बाजारापर्यंत जायचं झालं तर तीन-तीन दिवस दोघे गाडीत. त्या गाडीतच फादर आबाकडून अहिराणी शिकले, आणि ती इतकी अस्सल शिकले की त्यांच्या प्रवचनात मधूनच गाडीवानांच्या तोंडचे शब्द यायचे आणि बाहेरगावाहून आलेल्या सिस्टर खाली बघायच्या. आबाला ते 'उखर्डू भो' म्हणत. आबाच्या आधीची तीन भावंडं गेली होती म्हणून आजीने त्याला जन्मल्यावर उकिरड्यावर ठेवून परत उचललं होतं, त्यावरून हे नाव. फादरांची फार इच्छा, उखर्डूने बाप्तिस्मा घ्यावा. आबा म्हणायचा, "मी लेसू, पन घरनी देवी कानबाईले काय सांगू?" वीस वर्षं हे भांडण गाडीत चाललं. फादरांनी ते कधी सोडलं नाही आणि आबाने कधी ऐकलं नाही, आणि तरीही पोळ्याला आमच्या बैलांच्या पाया पडायला फादर यायचे ते यायचेच.

मला बोर्डिंगात घातलं ते फादरांच्याच आग्रहाने. तिथे एक पद्धत होती, ती इथे सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच घडलं. दुपारच्या जेवणाला ऐंशी मुली लांब सतरंज्यांवर समोरासमोर बसत, आणि एक मुलगी भिंतीशी ठेवलेल्या उंच चौरंगावर उभी राहून संतांची चरित्रं मोठ्याने वाचत असे. वाचन चालू असेतो कोणी एक शब्द बोलायचा नाही. मीठ हवं असलं तरी खुणेने मागायचं. सिस्टरनीही नाही, फादरांनीही नाही. जेवणाच्या जागी जे सगळ्यांत मोठे असतील त्यांच्या हाताशी पितळेची घंटी असे. ती त्यांनी वाजवली की वाचणारीने "हे प्रभू, आम्हांवर दया कर" म्हणायचं, मुलींनी "देवाचे आभार" म्हणायचं, आणि मग जो गलका उठायचा तो पार शेतापर्यंत ऐकू जाई. घंटी वाजेपर्यंत मात्र जेवणघरात आवाज एकच, वाचणारीचा. माझे उच्चार स्वच्छ म्हणून चार वर्षं तो माझा होता. सगळ्यांचं झाल्यावर मी जेवायची. मक्याचा पिवळा सांजा तोवर गार होऊन वडीसारखा कापावा लागे. पण खरं सांगते, मला त्याचं दुःख नव्हतं. ऐंशी मुली आणि चार सिस्टर आपल्या तोंडाकडे बघत घास चावताहेत यात जी मजा आहे ती गरम सांज्यात नाही.

आणि काय एकेक माणसं होती ती! एका बिशपने रक्ताने हात माखलेल्या सम्राटाला देवळाच्या दारात अडवलं, आधी पश्चात्ताप कर म्हणाला. इंग्लंडचा एक मोठा मंत्री, राजाच्या मनासारखी सही करेना म्हणून शिर गमावून बसला. फ्रान्समधली एक खेड्यातली पोर, माझ्याच वयाची, मोठमोठ्या विद्वानांच्या न्यायासनासमोर उभी राहून सरळ उत्तरं देत राहिली. ही सगळी नाही म्हणणारी माणसं. पुढे आयुष्यभर मला लोकांनी विचारलं, बाई, तुमचा स्वभाव असा हेकट कसा? ब्राह्मणपुरीला मी मास्तरीण होते तेव्हा एका साहेबाने तर माझ्या फाईलवर तसं लिहूनच ठेवलं होतं. त्या सगळ्यांना माझं उत्तर एकच आहे. मला हे मिशनच्या जेवणघरात शिकवलं, आणि रोज शिकवलं. ज्यांनी शिकवलं त्यांनाच पुढे ते झेपलं नाही, त्याला माझा इलाज नाही.

मी दहावीत गेले त्या वर्षी फादर अँटन वारले. आबाने त्यांची शवपेटी आपल्याच गाडीतून नेली आणि वाटेतल्या एका चढावर स्वतः जू धरून चालला. त्यांच्या जागी वसईकडचे फादर बेनेडिक्ट आले. विद्वान, देखणे, मराठी तर अशी की ऐकत राहावं. हे गृहस्थ वाईट नव्हते, हे मला आज म्हातारपणी कबूल करायला हरकत नाही. तेव्हा नव्हतं म्हटलं तसं. मिशनच्या वर्धापनाला बिशपसाहेब येणार होते, आणि त्या दिवशीच्या जेवणाला वाचायला म्हणून फादर बेनेडिक्टनी फादर अँटनचं चरित्र लिहिलं. तेच पुढे पुस्तिका म्हणून छापायला जाणार होतं आणि दर वर्षी त्याच दिवशी वाचलं जाणार होतं. सरावासाठी वही माझ्या हातात आली. मी वाचत गेले. फादर अरण्यात एकटे हिंडले. फादरांना देवाच्या कृपेने सहा महिन्यांत इथली बोली अवगत झाली. आणि मग नेसू नदीचा प्रसंग आला. पलीकडच्या पाड्यावर बाळंतीण अडली होती, नदीला पूर होता. फादरांनी काठावर गुडघे टेकून प्रार्थना केली, पाणी ओसरलं, आणि ते कोरड्या पायांनी पलीकडे गेले.

मी वही मिटून ठेवली. ती नदी आमच्या घरातून वाहून गेली होती. त्या पुरात आमचा हिरा नावाचा बैल गेला. आबाला उतार, म्हणजे पात्रातली पार व्हायची उथळ वाट, ठाऊक होता म्हणून फादरांनी त्याला साद घातली, दोघांनी गाडी पाण्यात घातली, मधोमध जू मोडलं, हिरा गेला, आणि आबाने फादरांना झग्याला धरून पलीकडे ओढलं. मायने हे मला शंभरदा सांगितलं होतं. त्या दिवशी जन्मलेली पोर पुढे माझ्याच वर्गात होती. आबा स्वतः त्या दिवसाबद्दल कधी बोलत नसे. हिराचं नाव निघालं की उठून जाई.

मी फादर बेनेडिक्टच्या खोलीत गेले. म्हटलं, "फादर, यात माझे आबा नाहीत."

त्यांनी चष्मा काढला. "चरित्रात माणसं थोडी असावीत, कौसल्या. वाचणाऱ्याचं लक्ष एका ठिकाणी राहिलं पाहिजे."

"पण ते एकटे नव्हते. आणि पाणी ओसरलं नव्हतं."

त्यांनी चष्म्याच्या काचा पुसल्या. मग अगदी मऊ आवाजात म्हणाले, "तुझ्या वडिलांना मी ओळखतो. भला माणूस आहे. पण विचार कर. वीस वर्षं संताच्या सावलीत बसलेला माणूस, आणि त्याने प्रभूला स्वीकारलं नाही. हे लिहिलं तर कमीपणा कोणाला? फादर अँटनला." आणि मग जरा हसून, "शिवाय उखर्डू. संतपदासाठी रोमला पाठवायच्या कागदात हे नाव कसं घालू मी, तूच सांग."

माझ्या कानशिलात आग झाली. अजून होते, लिहिताना. उकिरड्यावरून उचललं म्हणून वाचलेल्या पोराचं नाव त्यांना कागदावर चालत नव्हतं, आणि गोठ्यात जन्मलेल्या देवाची पूजा मात्र रोज सकाळ-संध्याकाळ चालू होती. हे मी त्यांना तेव्हाच सुनावायला हवं होतं. तेव्हा नुसती रडत खोलीतून निघाले. बाहेर बोर्डिंग सांभाळणाऱ्या सिस्टर फिलोमिना उभ्या होत्या. त्यांनी पदराने, म्हणजे त्यांच्या त्या पांढऱ्या ओढणीने, माझं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "जे लिहिलं आहे तेवढंच वाच. परीक्षेला चार महिने आहेत. वेडेपणा करशील तर इथे राहता येणार नाही, मीही काही करू शकणार नाही."

वर्धापनाचा दिवस उजाडला. अंगणात मांडव, जेवणघरात पाहुण्यांसाठी टेबलं, कोंबडीच्या रश्श्याचा वास कंपाऊंडभर. गाडीवान, स्वयंपाकी आणि पाड्यांवरून आलेली माणसं यांची पंगत बाहेर चिंचेखाली, आणि आबा तिथे खिडकीला पाठ लावून बसला होता. फादर बेनेडिक्टनी मोठ्या अदबीने पितळेची घंटी आपल्या जागेवरून उचलली आणि बिशपसाहेबांच्या ताटाशी ठेवली. मान द्यायचा म्हणून. तिथेच ते फसले.

मी चौरंगावर चढले आणि वाचायला लागले. मराठी सुरेख होती, वाचायला जीभ सुखावत होती. नेसूचं पान आलं. मी "फादरांनी काठावर गुडघे टेकले" इथपर्यंत वाचलं आणि वही मिटली. एक क्षण नुसता चावण्याचा आवाज येत राहिला, मग तोही थांबला. फादर बेनेडिक्टनी मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसलं की त्यांना सगळं कळलं आहे. पण बोलता कोणाला येत होतं? वाचन संपलेलं नव्हतं. नियम त्यांचा, घंटी बिशपसाहेबांपाशी, आणि बिशपसाहेब हातातली तंगडी तशीच धरून माझ्याकडे बघत होते.

मग मी अहिराणीत सुरुवात केली. त्या जेवणघरात अहिराणी बोलायला बंदी होती, तेही झालं. "पानी ओसरनं नही," मी म्हटलं. "पानी गयालोंग व्हतं. मन्हा आबा उखर्डू गाडीवान, त्याले उतार ठाऊक व्हता, त्यानी बैल पानीमा घालात." गळ्यापर्यंतच्या त्या पाण्यापासून सगळं सांगितलं. हिरा कसा गेला ते सांगितलं. आबाने फादरांना कसं ओढलं ते सांगितलं. फादर अहिराणी कुठे शिकले, कोणाकडून शिकले, तेही सांगितलं. सिस्टर फिलोमिना दोन्ही हातांनी खाली उतर, खाली उतर अशी खूण करत होत्या, जशी मिठासाठी करायची तशी. मी उतरले नाही. मुलींच्या रांगेत पाड्यावरची ती मुलगी, पुराच्या दिवशी जन्मलेली, माझ्या वर्गातली, हमसून रडत होती आणि तेही बिनआवाजी. सगळं संपल्यावर मी उभीच राहिले. बिशपसाहेबांनी बोटं पुसली, घंटी वाजवली. मी "हे प्रभू, आम्हांवर दया कर" म्हटलं. "देवाचे आभार" असा एवढा मोठा आवाज त्या जेवणघराने आधी कधी ऐकला नसेल. बिशपसाहेब जाताना माझ्यापाशी थांबले. मला वाटलं आता रागावतील. त्यांनी विचारलं, "बैल मग दुसरा कधी घेतला?" मी म्हटलं, "तीन वर्षांनी." ते मान हलवून आपल्या मोटारीत जाऊन बसले.

मला वाटलं होतं आबा खूश होईल. तो चिंचेखालून उठून आला तेव्हा त्याचा चेहरा लाल झाला होता. मला बाजूला नेऊन म्हणाला, "आंडेर, मन्ही पोर, काय करी बठनी तू?"

"खरं सांगितलं," मी म्हटलं.

"आर्धं सांगं तू. हिरा गया न मन्हा पाय सुटना. मी खाले गयतू. फादरनी मले धरं."

मी म्हटलं, "माय म्हणते तू फादरांना काढलं."

"तुन्ही मायले फादरनी सांगं तसं. तो सगयासले सांगे, उखर्डूनी मले तारं. मी कितीदाव सांगं, फादर, तुम्हीन मले तारं. तो ऐके नही." आबाने आपले दोन्ही हात एकमेकांत अडकवून दाखवले. "पानीमा कोन कोनले वढी ऱ्हायना, समजस का? दोन्ही जन धरी ऱ्हायनूत."

मला तेव्हा त्याचा संताप आला. मी त्याच्यासाठी चौरंगावर उभी राहिले आणि हा आपलं श्रेय दुसऱ्याला देऊन मोकळा! आज मात्र कळतं की मी त्या दिवशी जे केलं तेच फादर बेनेडिक्टनी केलं होतं. त्यांनी एकाला पाण्यातून एकटं चालवलं, मी दुसऱ्याला.

दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं. टेबलावर एक कागद होता. जेवणघरात खोटं बोलून पाहुण्यांचा अपमान केल्याबद्दल क्षमा मागते, खाली सहीची जागा. सिस्टर फिलोमिना माझ्याकडे न बघता उभ्या होत्या. फादर बेनेडिक्ट थकलेले दिसत होते. म्हणाले, "सही कर. मीही एक पाऊल मागे येतो. नेसूच्या प्रसंगात 'एका विश्वासू गाडीवानासह' एवढं घालतो. मग तर झालं?"

मी म्हटलं, "एक चूक माझी झाली. आबांनी फादरांना ओढलं असं मी म्हणाले, आबा म्हणतात फादरांनी त्यांना ओढलं. हे मी उद्या चौरंगावर उभी राहून सगळ्यांसमोर सांगते. पण पाणी ओसरलं नव्हतं. आणि विश्वासू गाडीवान नको. त्यांना नाव आहे."

"नाव घालता येणार नाही, मी तुला सांगितलं आहे."

"मग सहीही होणार नाही."

दहावीची परीक्षा चार महिन्यांवर, गावात मुलींसाठी दुसरी सोय नाही. सिस्टर फिलोमिना एकदम म्हणाल्या, "फादर, लेकरू आहे," आणि पुन्हा जमिनीकडे बघू लागल्या. मी कागदाला हात लावला नाही. संध्याकाळच्या प्रार्थनेच्या आत माझी पत्र्याची पेटी बाहेर आली. आबा गाडी घेऊन आला. मला वाटलं रागावेल, पण पेटी उचलताना एवढंच म्हणाला, "मन्हा नावपायी बोर्डिंगनी शाया सोडी तू. येडी शे." आणि नाक शिंकरण्याच्या निमित्ताने त्याने तोंड फिरवलं. ती परीक्षा मी बाहेरून दिली, एका वर्षाने. पास झाले, पुढेही शिकले. वर्ष गेलं त्याचं मला दुःख आहे. पण ती सही मी परत आज समोर आली तरी करणार नाही.

पुस्तिका छापली गेली. त्यात विश्वासू गाडीवानही नाही. आबा गेला त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. गेल्या उन्हाळ्यात मिशनचे नवे फादर माझ्याकडे आले, आमच्याच भागातला मुलगा, गोड स्वभावाचा. नवी आवृत्ती काढतो आहे, बाई, तुम्ही फादर अँटनना पाहिलेलं, चार शब्द लिहून द्या. मी पानं चाळली. पाणी अजून ओसरतच होतं. म्हटलं, बाळा, चार शब्द देते, पण चारच देईन आणि त्यातले तीन एका माणसाचं नाव असेल. तो ओशाळला, म्हणाला, वरून विचारावं लागेल. त्याला पोह्यांची बशी दिली आणि तो गेल्यावर माझ्या आठवणींच्या पुस्तकातलं हे प्रकरण लिहायला बसले.

वरून काय उत्तर येईल त्याची मी वाट बघत नाही. त्या दिवशी नेसूला गळ्यापर्यंत पाणी होतं. ते ओसरलं नाही. एक बैल गेला आणि एकमेकांना धरून दोन माणसं पलीकडे निघाली. एक फादर अँटन. दुसरा उखर्डू भिला सोनवणे, राहणार खांडबारा, धंदा गाडीवान, बाप्तिस्मा घेतला नाही. हे आता छापलेलं आहे. ज्याला खोडायचं असेल त्याने आधी माझ्या दारात यावं.